रकाना क्रमांक सात

फॉर्मवर दोनच चौकोन होते.
होय. नाही.
मी पेन घेऊन बसलो होतो
म्बाह सुकिनेमच्या पडवीत,
सोलोपासून अर्ध्या तासावर, बेकोनांगच्या रस्त्याला.

समोर सिहोंबिंग साहेब, दूर तोबा सरोवराकडचे,
मोठ्या आवाजाचे, पोटात एक ओठात एक नसलेले.
त्यांच्या गावी माणूस टेबलावर हात आपटून नाही म्हणतो
आणि मग त्याच टेबलावर पोटभर जेवतो.
ते इंडोनेशियनमधून बोलत, ती जावानीजमधून,
मधे मी, ग्रामकार्यालयाचा कारकून.

"मागची भट्टी, अंगण, रस्त्यापर्यंतची पट्टी,
कंपनी घेईल. भाव असा असा. आजींना पसंत?"
मी विचारलं त्या मऊ बोलीत
जिच्यात क्रियापदंसुद्धा कमरेत वाकून चालतात.

ती म्हणाली, इंगिह.

कोशात या शब्दाचा अर्थ होय असा आहे.
पण कोश कधी कुणाच्या पडवीत बसलेला नसतो.
पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा अर्थ एवढाच, की ऐकलं.
मग भावावर पुन्हा, जरा लांबवून:
आपण पाहुणे, आपला मान राहो.
शेवटच्या वेळी तिने खांद्यावरचं फडकं सारखं केलं,
भट्टीकडे पाहिलं,
जिथे तिचा नवरा चाळीस वर्षं काशाचे गाँग ठोकत होता,
आणि इतकं हळू इंगिह म्हटलं
की त्याहून स्वच्छ नाही मी आजवर ऐकलेलं नाही.

निदान चहाकडे तरी बघायला हवं होतं.
झाकणाचे पेले समोर होते,
आणि ती एकदाही म्हणाली नव्हती, मोंगो, घ्या.
तोवर आमच्यात पाहुणा पेल्याला हात लावत नाही.
साहेबांनी झाकण उचललं, फुंकर घातली, प्याले.
"छान आहे हो!" म्हणाले. खरंच आवडला होता.
त्यांना दोष कसा देऊ?
त्यांच्या कानावर पडलं ते माझ्याच तोंडचं होतं.

मी होयच्या चौकोनात खूण केली.

कळलं नव्हतं असं नाही.
पण रकान्यात लिहू काय?
आजी हो म्हणाल्या, तरी कृपया हो समजू नये?
बाहेर गाडी चालूच ठेवलेली होती.
शाईच्या पॅडवर अंगठा टेकवतानाही
ती माझ्याकडे बघत होती.
आमच्यात नाही म्हणायचं ते दुसऱ्याने,
मधल्या माणसाने.
त्यासाठीच तर तो मधे बसवलेला.

लेबारानच्या सणाला थोरांकडे जाऊन माफी मागायची रीत आहे.
गेलो. भट्टीच्या जागी सिमेंट, वर पांढरे पट्टे,
दोन बस उभ्या.
गुडघे टेकून मी ठरलेलं वाक्य म्हटलं,
कळत नकळत घडलेले अपराध पोटात घाला.
त्या दिवशी गावभर सगळेच सगळ्यांना हे म्हणतात,
त्या गर्दीत माझं खरं वाक्य
मलाच सापडेना.

लहानपणापासून ती मला ले म्हणायची. पोरा.
ले, जेवलास का, ले, चप्पल कुठे टाकलीस.
आज म्हणाली,
"पाक वितोनो, आपण येण्याची तसदी घेतलीत."
सगळी क्रियापदं वाकलेली, एकही चुकलं नाही.
एवढी अदब, की दार लागल्याचा
आवाजसुद्धा झाला नाही.

मग चहा ठेवला. वर झाकण.
"मोंगो," म्हणाली.

मोंगो म्हणजे घ्या.
मोंगो म्हणजे, बरंय तर, या आता, हेही.
सतरा वर्षं मी या दोन भाषांच्या मधे बसून पगार घेतो.
मी हात पुढे केला, मागे घेतला.
झाकणाच्या कडेने वाफ येत होती.