चमच्याची कड

राजारामपुरीच्या आठव्या गल्लीत दुकानदार
बाबागाडी एका हातानं उघडून दाखवतो, मिटून दाखवतो.
"फॉरेनचं डिझाइन, भावा. बघतोस काय, घेऊन टाक."
मी खाली बसून चाक फिरवतो.
उद्यमनगरात लेथवर चौदा वर्षं काढली,
चाक दिसलं की हात जातोच.
बुश प्लास्टिकचा. खेळ पुष्कळ.
महाद्वार रोड ओलांडायच्या आत ही रडायला लागेल,
आत बसलेली नंतर.

वैजयंता म्हणते, आणि एसटीत ठेवायची कुठं?
खरंय.
एक तारखेला तिला साखरप्याला हजर व्हायचंय.
रजा संपली. सरकारी दवाखाना, मागं दोन खोल्या,
पोरगी तिच्याबरोबर.
मी सुट्टीला जाऊन-येऊन.

मग छातीला बांधायचा पट्टा.
ती शिलाई उलटी करून बघते,
मी बकल दहा वेळा लावतो, काढतो,
अकराव्यांदा डोळे मिटून.
घाटात गाडीतले दिवे गेले तर?
तो घेतला.

बाटली गरम ठेवायचं यंत्र नको,
थर्मास आहे. फुंकर आहे.
मच्छरदाणी छत्रीसारखी उघडणारी, ती घेतली.
मेणकापड लक्ष्मीपुरीतून, दोन मीटर.
दुपटी शेजारच्या हसीनाभाभींनी दिली,
तीन नातवंडांनी मऊ केलेली.
खेळणं एकही नाही. पोरीला लागते फक्त
एक जुनी किल्ली, जिचं कुलूप कधीच मोडलंय.

चमचा मात्र मनासारखा मिळेना.
शेवटी घरातलाच उचलला,
जेवणाच्या सुट्टीत बफवर मारला,
कड पार घालवली,
स्वतःच्या ओठावर फिरवून बघितला,
पुन्हा मारला.
"जॉब कुणाचा रे?" दिलावर मुल्लाणीनं विचारलं.
"घरचा."

मलकापूर सोडलं आणि वळणं लागली.
पहिल्या ओकारीत नवा पट्टा गेला,
दुसऱ्या ओकारीत माझी बाही.
मेणकापड वरच्या बॅगेत, सगळ्यात तळाला.
कंडक्टरनं आपला टॉवेल दिला,
म्हणाला, चाकावर कशाला बसलाय, पुढं या की.
चार दुकानं फिरलो होतो,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

परतीला छातीशी काही नव्हतं.
खांदे मात्र उगीच मागं ओढलेले,
वजन असल्यासारखे.
आंब्याला गाडी चहाला थांबली.
सुट्टे काढायला खिशात हात घातला,
तर चमचा.

फोन लावला.
"अगं, चमचा माझ्याकडंच राहिला."
मागं पोरगी ओरडत होती,
रडणं की खेळणं, रेंजमध्ये कळेना.
"असू दे," वैजयंता म्हणाली,
"इथं मिळतात चमचे."

मिळतात.
पण त्यांना कड असते.