पाण्याची रेघ

रुपेश लोटलीकरचा मेसेज दर महिन्याच्या पाचला यायचा:
सगळं ठीक, काका. खाली जोडलेले हात.
त्या हातांचे मी हजार रुपये देत होतो,
देखभालीचे.
शिरोड्याहून वास्को म्हणजे काही लंका नव्हे,
तरी तीन वर्षं गेलो नाही.
पोर्टातून सुटल्यावर त्या बाजूला तोंड करवेना,
एवढंच खरं. बाकी गुडघ्याची सबब.

मग मेसेज आला: भाडेकरू गेला. भिंत खराब केलीय.
फोटो नव्हता.
मी जेवत होतो. उजवा हात हुमणात,
डाव्या अंगठ्यानं लिहिलं:
डिपॉझिट कापून घे.
कापलं त्यानं. दहा रंगाला म्हणून ठेवले,
वीस माझ्याकडे आले, कुळागराच्या पंपात गेले.

दोन महिन्यांनी चढलो मांगोर हिल.
तळमजला, मागची भिंत डोंगराला टेकलेली.
कुलूप काढलं तर आधी वास आला,
बार्जच्या तळात साचून राहिलेल्या पाण्याचा.
न्हाणीचं दार फुगलेलं. पंख्याचं एक पातं नाही.
शिव्या जमवत गेलो मनात,
बिल करतात तशा, ओळीखाली ओळ,
आणि स्वयंपाकघरात बेरीज चुकली.

भिंतीला ओल होती, छातीपर्यंत.
आणि ओलीवर पेन्सिलच्या रेघा,
आडव्या, एकीवर एक,
प्रत्येकीपाशी आकडा.

अडतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
होडीतून जहाजाच्या नाळेखाली जायचं,
लाट उसळू द्यायची, बसू द्यायची,
आणि पोलादावरचे पांढरे आकडे वाचायचे:
किती बुडालं, म्हणजे किती खनिज भरलं.
घेणारा-देणारा भांडले तर
माझी सही चालायची.

हे आकडे त्याच शिस्तीचे.
बिरंची स्वाईं, शिपयार्डात फिटर.
करारावर नाव वाचलेलं, माणूस पाहिला नव्हता.
बसक्या अक्षरांत, हिंदीत:
४ जून. फोन किया.
१९ जून. फोन किया. बोला, आदमी भेजता है.
११ जुलाई. आदमी नहीं आया.
चवथीच्या सुमारास ओल बटणांच्या बोर्डाला भिडली असावी;
बोर्ड त्यानं उचलून वीतभर वर बसवला होता,
लेव्हल लावून, चारही स्क्रू एका दिशेला.
माझ्या घरात एवढं सरळ दुसरं काही नाही.
नोव्हेंबरात नुसती रेघ. शब्द नाही.
मग पुढच्या पावसात:
मालिक का नंबर माँगा. नहीं दिया.

ही ओळ मी होडीतल्यासारखी वाचली,
लाट बसायची वाट पाहून,
पुन्हा एकदा.

लोटलीकरला फोन लावला.
रिंग वाजत राहिली. खिडकीच्या कठड्यावर कोळशाची भुकटी,
तिच्यात बोट फिरवत उभा होतो.
परत लावला.
तोवर डोक्यात हिशेब चालूच: रंगाचे दहा,
देखभालीचे छत्तीस, पंपाचे वीस,
आणि यातलं कुठलं कुणाच्या नावावर टाकायचं.

सदऱ्याच्या खिशात पेन्सिल असते अजून. सवय.
भिंतीवर तळवा ठेवून पाहिलं,
त्याच्या शेवटच्या रेघेच्या दोन बोटं वर
गार लागलं.
तिथं रेघ ओढली. आजची तारीख घातली.
आणि त्याच्याच भाषेत,
माझ्या सहीच्या वळणानं लिहिलं:
फोन किया. उठाया नहीं.