हॅलो

तिकिटाचा आकडा ऐकून कुमुदआत्या
बोटीतच उठून उभी राहिली.
"एवढ्यात पापलेट येतं, तेही साफ करून.
आणि पक्षीच बघायचे तर
माझ्या गॅलरीत कबुतरं आहेत,
ती पैसे मागत नाहीत."
पण गोराईच्या खाडीत
मध्येच उतरायची सोय नव्हती.

पत्र्याच्या छपराखाली अर्धगोल पायऱ्या,
पिवळ्या टोप्यांची एक अख्खी शाळा,
कुणाच्या तरी डब्यातल्या मेथीच्या ठेपल्यांचा वास.
भोंग्यातून रेनिटा म्हणाली, खाली बसा, हात वर करू नका,
आणि मागून, आमच्या डोक्यांच्या अगदी वरून
मकाव आले.
निळे, म्हणजे किती निळे,
नीळ जास्त झालेली सगळी धुणी
दोरीसकट उडावीत तसे,
पोटाखालून हळद.
पंखांचा वारा भांगात शिरला.
आत्या वाकली.
मग वाकलेलं कुणी बघितलं का, ते तिने बघितलं.

काकाकुव्याने गणित केलं.
दोन अधिक तीन, आणि घंटा वाजवली
सहा वेळा.
"जीएसटी धरून," रेनिटा म्हणाली.
आत्या नाकातून हसली,
जशी ती फक्त दुसऱ्याच्या लग्नात हसते.

मला विचारायचं होतं, रात्री यांना कुठे ठेवता,
दारं केवढी असतात.
नाही विचारलं.
मी टाळ्या वाजवत होतो, जोरात,
माझ्या पुढच्या मुलापेक्षाही जोरात.

मग आणला एक राखाडी पोपट.
शेपटीचं लाल टोक सोडलं तर
बदलीवर आलेल्या हेडक्लार्कसारखा.
त्याच्यासमोर माइक धरला.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग स्वच्छ, बाईच्या आवाजात:
"हॅलो."

"हॅलो, बोला," आत्या म्हणाली.

एकोणतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन, हातात वायरी,
ते काय असं जातं?
सगळी शाळा मागे वळली.
पोपटाने मान तिरकी केली.
"हॅलो."
"ऐकू येतंय. बोला."
"हॅलो?"
"अहो, लाइन चालू आहे, बोला ना!"
रेनिटाने माइक खाली घेतला, तिला कळेना
कार्यक्रम आता कुणाचा आहे.
तेव्हा तो पोपट, डोळे अर्धे मिटून,
वाजला.
काळ्या, जड, डायलच्या फोनसारखा,
ट्रिंग-ट्रिंग, थांबून पुन्हा ट्रिंग-ट्रिंग.
पोरांना वाटलं, हीच याची खरी बोली.
आत्याचा उजवा हात
मांडीवरून वीतभर उचलला गेला होता.

शेवटी नोटांचा खेळ.
मकाव प्रेक्षकांकडून नोट नेतो, रेनिटाला देतो,
आणि ज्याची त्याला परत आणतो.
आत्याने वीसची दिली, काठाला घट्ट धरून,
ती त्याने सोडवून घेतली.
परत आणली तेव्हा
तिने नोट उन्हाकडे धरून तपासली.
"तीच आहे," तिने जाहीर केलं,
जणू आम्हा सगळ्यांचाच जीव टांगणीला होता.
कोपऱ्यात चोचीचा एक त्रिकोणी तुकडा गेलेला.

धक्क्यावर बोरं घेतली, मीठ-तिखट लावून.
मी तिच्या पर्समधून वीसची काढली,
तिने हातावर फटका मारला.
"ती नको. ती त्याची आहे."
बोरांचे पैसे मी दिले.
खाडीवर घारी फिरत होत्या,
बिनतिकीट, बिनमाइकच्या.
आत्याने वर पाहिलं नाही.
बी थुंकत म्हणाली,
"आवाज चांगला होता मेल्याचा. स्पष्ट.
आमच्या वेळी असता तर
ट्रंक कॉलवर बसवला असता."

रात्री दहाला फोन केला,
पोचलीस ना, गोळी घेतलीस ना, विचारायला.
बराच वेळ वाजला.
मग उचलल्याचा खट् आवाज,
थोडी शांतता,
आणि घशातून, जरा घासून, मान तिरकी केल्यासारखं:
"हॅलो."

मी म्हणालो, आत्या?
"हॅलो?"
मी म्हणालो, बोला.
ऐकू येतंय, बोला.