मिस्टर ऑल्सॉपचं घड्याळ

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी
इथे रात्री दोनच्या ठोक्याला पुन्हा एक वाजतो.
अख्ख्या देशाला एक तास फुकट मिळतो
आणि बहुतेक लोक तो झोपेत घालवतात.

मी केअर होममध्ये रात्रपाळीला होते.
आठवड्याला वीस तासांची परवानगी,
त्यातले दहा या एका रात्रीत.
आज अकरा धरायचे का, असं इफेओमाला विचारलं
तर ती मोजे उलटे करत म्हणाली,
पगाराच्या चिठ्ठीला विचार.

एरवीचे दिवस साधे.
बसचा ड्रायव्हर म्हणतो, "ये, डक."
पहिल्या आठवड्यात मी मागे वळून पाहिलं होतं
कुठलं बदक चढतंय म्हणून.
आता एखादा नवा ड्रायव्हर नुसताच मान हलवतो
तेव्हा डर्बी जरा परकं वाटतं.

माझ्या भूजलाच्या निबंधावर
प्राध्यापिकाबाई लिहितात, 'इंटरेस्टिंग'.
इंटरेस्टिंग म्हणजे परत लिहून आणा,
हे समजायला मला एक सेमिस्टर लागलं.

संध्याकाळी सव्वासातला
क्लाइव्ह पिवळ्या लेबलांचं यंत्र घेऊन निघतो.
आम्ही पाच-सहाजण दह्याचे डबे वाचत उभे,
जन्मात कधी दही न पाहिल्यासारखे.
कोणी कोणाकडे बघायचं नाही, हा नियम.
पालक बावीस पेन्स.
त्याला लसणाची फोडणी दिली
की छतावरचा अलार्म सगळ्या गल्लीला कळवतो
वरच्या मजल्यावर मोहरी तडतडली.
मग खिडकी उघडायची,
म्हणजे तासाभरात मीटरमध्ये टाकलेली ऊब
नॉर्मंटन रोडवर.
गरम जेवलीस ना, आई विचारते.
हो म्हणते. खोटं नसतं ते.
जेवण गरम होतं. खोलीचं तिनं विचारलं नव्हतं.

तर, त्या रात्री
घड्याळं मागे करायचं काम माझ्याकडे आलं.
एक स्टूल, अकरा घड्याळं.
जेवणघर, जिना, औषधांची खोली,
मग एकेक दार हळूच लोटत
झोपलेल्यांच्या उशाशी काटे फिरवत गेले,
चोरी करतोय की दान, कळेना.

सात नंबरला मिस्टर ऑल्सॉप जागे होते.
रेल्वेच्या कारखान्यात चाळीस वर्षं
डब्यांची दारं बसवलेला माणूस,
अजूनही दार लागल्याचा आवाज ऐकून
कडी सैल आहे म्हणतो.
"त्याला हात लावू नकोस, डक."
मी म्हटलं, चुकीची वेळ दाखवेल ते, मार्चपर्यंत.
"डॉरीननं लावलंय."
एवढंच. आणि भिंतीकडे वळले.

मी स्टूल उचललं.
वहीत लिहिलं: दहा घड्याळं केली.
सात नंबर, रहिवाशाची इच्छा.

म्हणजे त्या रात्री अकोला
साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर गेलं
आणि मी तेव्हा टॉवेलांच्या घड्या घालत होते.

आईला हे ठाऊक नाही.
मी निघाले तो सप्टेंबर होता.
फ्रिजवर तिनं चिठ्ठी चिकटवली, साडेचार वजा,
आणि अजून तेच वजा करते.
साडेअकराला कुकर उतरवून फोन लावते,
की पोरीचे सात वाजले, ड्यूटी संपली असेल.
इथे सहा असतात.
काळोख असतो, ओल्या चादरी असतात,
चहाची ट्रॉली अर्ध्या वाटेत असते.
सांगीन सांगीन म्हणते.
डिसेंबर आला.

आता ट्रॉलीचा क्रम मी बदललाय.
सहाला बरोबर सात नंबर.
दोन साखर, दूध आधी.
खिशात फोन थरथरतो.
मिस्टर ऑल्सॉप बशी सावरत
भिंतीवरच्या सातकडे बघतात.
"वेळेची पक्की आहे हं तुझी आई," म्हणतात,
"घे, घे. चहाचं बघतो मी."