चालू तास

एकसष्ट हजार तीनशे वीस.
स्क्रीनवर आकडा आला तसे
निवृत्ती सुतार खुर्ची पुढं ओढतात.
"म्हंजे किती?"
सात वर्षं, काका. सलग.
शिरोलीच्या फौंड्रीत, भट्टीवरच्या कॅमेऱ्यामागं
ही डिस्क एक रात्र झोपलेली नाही.
"मग आता मरणार?"

उद्यमनगरात माझं दुकान.
डाव्या अंगाला लेथ, उजवीकडं ग्राइंडर,
मधे मी, कानाला डिस्क लावून.
काका पंपाच्या बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून
मूठ कानाशी धरायचे, तसाच.

टेबलावर दुसरी आहे, मेहबूब अत्तारांची.
लग्नाचे फोटो. मखमलीत गुंडाळून
नऊ वर्षं कपाटात.
काल जोडली, कशीबशी बोलली: दोनशे बारा तास.
मग टक्. टक्. टक्.
आतून कुणी दार वाजवावं तशी.

काकांना पटत नाही.
कमी चालली ती जास्त जगायला पायजे.
मी म्हणतो, महापुरात आठ दिवस लाईट नव्हती, आठवतं?
ते गप्प होतात. मग सावकाश:
"आमच्या मोठ्या लेथला पाणी लागलंच न्हवतं.
चालू होता तवर कुरकुरला न्हाई.
नवव्या दिवशी बटन दाबलं, आन् गेला."

तासांचं मला फार वाटत नाही, काका.
खराब जागा बघा, इथं, खाली.
परवा एक होती. आज तीन.

"किती उरलेत, ते कुठं लिवलंय?"
कुठंच नाही.
हा रिक्षाचा मीटर, नुसता पुढं पळतो.
उतरायचं कुठं, त्याला काय ठाऊक.

"सात वर्षांचं सगळं हाय न्हवं आत?"
नाही. महिना झाला की जुन्यावरच नवं लिहिते.
आहे तो गेला महिना फक्त.
काका दिवाळीत रिटायर झाले.
बोटांवर काहीतरी मोजतात, आणि सोडून देतात.

कॉपी लावली. पाच तास लागतील, तुम्ही जावा.
ते जात नाहीत.

दीड वाजता ग्राइंडर जेवायला थांबला,
तेव्हा कुठं तिची घरघर खोलीत आली.
काकांनी डोळे मिटले, मान कलती केली.
"बेअरिंग चांगलं हाय," म्हणाले.