जिन्याची रुंदी

लॉरियमची बोलिंग बंद पडली त्या ऑक्टोबरात
ऑर्वोनं तिथली अर्धी गल्ली उचलली, चाळीस डॉलरला :
मेपलच्या पट्ट्या, एकमेकींना खिळ्यांनी जखडलेल्या,
साठ वर्षं गोळे अंगावरून गडगडत गेलेल्या.
मी म्हटलं, सरपण छान होईल.
तो म्हणाला, टेबल. खाटकाकडे असतं तसं.
चार इंच जाड. तुझ्या कणकेसाठी.

मी मागितलं नव्हतं. पण
निवृत्त नवऱ्याला काहीतरी हवंच असतं,
आणि तळघर हे घरातलं सगळ्यात दूरचं ठिकाण.

खिळे उपटण्यातच नोव्हेंबर गेला.
चारशे अकरा. कॉफीच्या डब्यात मोजून टाकलेले.
जेवताना तो रोजचा आकडा सांगायचा,
बाकीचे लोक हवामान सांगतात तसा.
मग करवत, मग रंधा.
जुनं वार्निश पापुद्र्या-पापुद्र्यानं गळालं
आणि खालून लोण्याच्या रंगाचं लाकूड वर आलं,
जणू त्याला कुणी कधी पाहिलंच नव्हतं.
एका पट्टीत अक्रोडाचा काळा बाण होता,
खेळणाऱ्याला नेम दाखवणारा.
हा राहू दे, मी म्हटलं.
एवढंच माझं सुतारकाम.

पट्ट्या कडेवर उभ्या करून तो जुळवत बसायचा,
ह्या रेषेचा तोंडवळा त्या रेषेला,
सोयरीक जमवणाऱ्या मावशीसारखा,
नाकं मुरडत.
सरस लावायच्या दिवशी मला खाली हाक.
बावीस शिकंजे : नऊ घरचे, तेरा चर्चमधून मागून आणलेले.
"आता बोलू नकोस. वीस मिनिटांत धरतं."
मी बोलत नव्हते. मी पिळत होते.
सांध्यांतून सरसाचे थेंब ओळीनं फुटले
आणि फळीच्या दोन बाजूंना आम्ही दोघं
एकमेकांकडे ढकलत राहिलो,
पुष्कळ दिवसांनी.

साठ नंबरचा कागद, ऐंशी, एकशेवीस, दोनशेवीस.
भुसा जिन्यानं वर आला,
साखरेत गेला, कुत्र्याच्या पापण्यांवर बसला.
मग तेल. आठवडाभर रोज, पुढे रविवारी.
लाकूड घटाघटा प्यायचं आणि पुन्हा कोरडं दिसायचं,
ऑर्वोच्या थोरल्या भावासारखं.
शेवटी मेण, शेजारच्या लॅव्हर्न दुशेनच्या पोळ्यांचं.

जानेवारीत चार जण उचलायला आले.
सगळं मोजलं होतं त्यानं, गुण्या लावून, एक डोळा मिटून,
केसाच्या जाडीपर्यंत.
जिना सोडून.
घोडं सातव्या पायरीवर अडलं.
पाय काढले. कठडा काढला. तिरपं केलं, उभं केलं,
फिन्निशमध्ये शिव्या दिल्या, मग इंग्रजीत.
काल्लेव्ही म्हणाला, मधोमध कापूया का?
त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

दोन दिवस ऑर्वो खाली गेला नाही.
तिसऱ्या दिवशी मी राईचं पीठ, आंबवण, लाटणं, रेडिओ
एकेक करून खाली नेलं.
भट्टी तिथेच. तिच्या शेजारी पीठ असं फुगलं
की वरच्या गारठ्यात वीस वर्षांत फुगलं नव्हतं.
त्याला काही सांगितलं नाही.
वास जिना चढून गेला, त्याला रुंदी लागत नाही.

पण सुरी मात्र कुणी लावेना.
पाव कापायचा तर खाली ताट, ताटाखाली फडकं,
आरशावर जेवल्यासारखं.
पुढच्या नोव्हेंबरात लॅव्हर्न हरणाची मांडी घेऊन आली,
बूटही न काढता खाली उतरली,
मांडी आपटली आणि कोयता घातला.
आवाज वरच्या खोलीत पोचला असणार.
ऑर्वो तेलाचा डबा घेऊन धावत आला.
चिरेवरून बोट फिरवलं, एकदा, उलट्या बाजूनं पुन्हा एकदा.
बाणाच्या टोकापासून बाहेर.
"नेम चुकला," म्हणाला. "दोन इंचांनी."
लॅव्हर्ननं कोयता त्याच्याकडे सरकवला,
मुठीकडून.