क्रमशः

यंदा अकरा माणसं मारली मी.
चार विषानं, दोन उशीनं,
एक सोमेश्वरच्या धबधब्यात ढकलला.
त्याला पोहता येतं हे संपादकांनी दाखवून दिलं,
मग आधी डोक्यात दगड घातला.
बाकीचे किरकोळ.
मानधन आठ खुनांचं आलं.
दोन साभार परत. एकाचा अजून पत्ता नाही.

दिवसा मी सीबीएसजवळ, कोर्टासमोरच्या फूटपाथवर
प्रतिज्ञापत्रं टाइप करते.
'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा व बरोबर आहे.'
दिवसातून तीसेक वेळा.
रात्री त्याच बोटांनी दुसरा धंदा.

नोव्हेंबरात वाचनालयाच्या कार्यक्रमात
एका बाईंनी शाल सावरत विचारलं,
'आणि गंभीर असं काही लिहिता का?'
म्हटलं, माणसं मरतात माझ्याकडे, बाई.
त्या हसल्या. मी चिवडा खाल्ला.

ते असो.
हिशोब लागत नाही तो एका फोनचा.

बारा डिसेंबरला ओझरहून एक मुलगा बोलला.
वडील रंगनाथ पेखळे, विमानाच्या कारखान्यात फिटर होते,
आता सिव्हिलला, तिसऱ्या मजल्यावर.
'तुमची मालिका वाचून दाखवतो मी त्यांना.
शेवटचा भाग फेब्रुवारीत ना?
डॉक्टर म्हणतात, फेब्रुवारी कठीण आहे.
खुनी कोण, तेवढं सांगाल का?'

मलाच ठाऊक नव्हतं.
सहा भाग देऊन झालेले, संशयित सात,
आणि मी प्रत्येक वेळी खाली 'क्रमशः' लिहून
सगळं पुढच्या महिन्यावर ढकलत आलेली,
थकलेल्या भिशीसारखं.
पण अशा माणसाला 'बघते' कसं म्हणणार?
तोंडात आलं ते नाव सांगितलं.
गायधनी. घड्याळवाला.

पलीकडे फोन वडिलांच्या कानाला लावला असावा.
नळीतून येणारा श्वास. मग एकच शब्द,
'घड्याळ.'
मला वाटलं, वेळ विचारतायत.
'सव्वापाच झालेत, काका,' मी म्हटलं.
खोकल्यासारखं काहीतरी झालं. हसणंही असेल.
फोन बंद.

तेवीस तारखेला मुलाचा मेसेज.
मी 'ईश्वर त्यांच्या' इथपर्यंत टाइप केलं
आणि पुसलं.
दुसरं काही सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.

आज एकतीस.
बाहेर आठ अंश, निफाडला त्याहून कमी म्हणे.
गच्चीवर पोरांनी स्पीकर लावलाय, माझी खिडकी थरथरते.
मफलर गुंडाळून जुने अंक काढून बसलेय,
कारण गायधनीला खुनी करायचं तर अडचण मोठी.
खुनाच्या रात्री तो मनमाडला होता,
भाचीच्या हळदीत.
चाळीस साक्षीदार, मीच बसवलेले.
साल चौऱ्याहत्तर, मोबाइलची कटकट नको म्हणून निवडलेलं.

दिलेलं नाव बदललं असतं तरी चाललं असतं.
तक्रार करायला कोण होतं?
तरी तिसरा भाग उघडला.
दुसरा कॉलम, मधोमध,
नुसती जागा भरायला घातलेलं वाक्य:
'ओसरीवरचं बंद पडलेलं घड्याळ
मामांनी दुपारीच चालू करून दिलं होतं.'

चाळीस जणांनी वेळ पाहिली
ती त्याच घड्याळात.

मी लिहिलं होतं, मला दिसलं नव्हतं.
खाटेवर पडून, मुलाच्या तोंडून ऐकून
एका फिटरला दिसलं.
आणि मी त्याला सव्वापाच सांगितले.

वर पोरं उलटे आकडे मोजू लागलीत, दहा, नऊ,
माझ्या भिंतीवर अजून तीन मिनिटं बाकी.
कुणाचं चुकलंय ते उद्या बघू.
कागद लावते. भाग सातवा आणि शेवटचा.
गायधनी मनमाडहून निघाला तेव्हा
खरे किती वाजले होते,
ते आधी ठरवायला हवं.